चिंबोऱ्यांची बिळे

घरे चाळीस होती की साठ, हे आता मला नक्की सांगता येत नाही. स्मरणावर माझा फारसा विश्वासही उरलेला नाही. पण खाडीच्या काठी एक गाव होते, आणि खाडी व भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक बांध होता, एवढे खरे.

त्या गावात एक रीत होती. प्रत्येक घराकडे बांधाचा एकेक तुकडा वाटून दिलेला होता. दर अमावास्या-पौर्णिमेचे उधाण ओसरले की घरटी एक माणूस आपल्या तुकड्यावर जाई आणि चिंबोऱ्यांनी म्हणजे खेकड्यांनी पोखरलेली बिळे चिखल-पेंढ्याने बुजवी. तरीही मोठ्या पुरात पाणी बांधावरून शेतात येई.

म्हणून दिगंबर पोतनीस नावाचे एक विद्वान अभियंता गावात आले. दोन वर्षे हिंडून त्यांनी चांगली योजना आखली. बांध उंच करायचा, थोडा मागे घ्यायचा, पुढच्या जागेत खाऱ्या चिखलात वाढणारी तिवराची झाडे लावायची. झाडे लाटा अडवतील, मासळी वाढेल, गावाला चार घास जास्त मिळतील. नवा बांध कोणा एका घराचा नाही, साऱ्या गावाचा.

शेवटच्या सभेत चांगुणा भोईर उभी राहिली. ती विधवा होती. तिचे एकच शेत होते, तेही बांधाला लागून.

"सायेब, तिवरं आली का चिंबोऱ्या येतील. मग बिलं कोन बुजवील?"

"त्यासाठी समिती नेमू, काकी."

"समितीला हात किती?"

"हात नसतात गो काकी, सह्या असतात!" गावातलाच एक शेतकरी, गोवर्धन, मागून म्हणाला. सभा हसली.

पोतनीसही हसले. प्रश्न बरोबर आहे, हे त्यांना त्याच क्षणी कळले होते. पण दोन वर्षांनी कुठे सगळ्यांचे एकमत झाले होते. आता एक शंका काढली तर दहा निघतील, अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी सभेचा पुढचा विषय घेतला. समिती झाली आणि गोवर्धन तिचा अध्यक्ष झाला.

योजना फळाला आली. तिवरे डोक्याएवढी वाढली. बगळे आले, मासळी आली. चिंबोऱ्या तर इतक्या झाल्या की बायका टोपल्या भरून बाजारात नेऊ लागल्या. बिळे मात्र कोणी बुजवीना. बांध आता समितीचा होता.

चांगुणा तेवढी आपल्या जुन्या वाटणीच्या जागी चिखल घेऊन जाई.

"काकी, समितीनं पगार लावला का गो तुला?" लोक बांधावरून जाता-जाता विचारीत.

"लावला ना. भातात देते," ती म्हणे आणि पुढचे बीळ शोधी.

चौथ्या वर्षी भाद्रपदातल्या अमावास्येला, भर दुपारी, उधाण चढले. पाणी बांधावरून आले नाही. बांध उंच होता. ते बांधाच्या पोटातून आले. गोवर्धनच्या जुन्या वाटणीच्या जागी बांध फुटून खांड पडली आणि घटकाभरात सगळे शिवार खाऱ्या पाण्याखाली गेले. भात पोटरीत होते, कणसे अजून बाहेर पडायची होती.

पाणी ओसरल्यावर पोतनीस आले. बांधावरून चालत ते चांगुणापाशी येऊन थांबले.

"काकी, तुमचा तुकडा शाबूत आहे," ते म्हणाले.

"तुकडा शाबूत हाय, सायेब. भात नाय."

मीठ मुरलेल्या जमिनीत तीन वर्षे काही पिकले नाही. तेवढे थांबण्याइतके चांगुणाकडे काही नव्हते. ती शहरात कोणाकडे तरी भांडी घासायला गेली. परत आल्याचे ऐकिवात नाही.

समितीने काहीच केले नाही, असे लोक म्हणत. माझा त्यावर विश्वास बसत नव्हता. पुष्कळ वर्षांनी मी समितीच्या सभांची वही मिळवून वाचली. चार वर्षांत सतरा सभा झाल्या होत्या. बिळे बुजवण्याचा विषय सतराही सभांत होता, प्रत्येक वेळी सर्वांत शेवटी, आणि त्याच्यापुढे एकच ओळ होती: 'वेळेअभावी पुढील सभेत.'

तात्पर्य: जे काम सर्वांचे म्हणून कोणाच्याच हाती राहत नाही, ते सर्वांना बुडवते, आणि ज्याने आपला वाटा चुकवला नाही, त्यालाही त्यातून वगळत नाही.