बोरखडीचे तीन फूट

“मग तुम्ही वापरत होतात तरी काय?”

निशिकांतने हे तिसऱ्यांदा विचारलं. नानांनी एक चिंच उचलली, लाकडी ठोकळ्याने हळूच ठेचली आणि चिंचोका काढून सुपात टाकला.

“जे हाताशी असेल ते,” ते म्हणाले.

निशिकांत पळसुले हा जिल्ह्याच्या भूजल कार्यालयातला सगळ्यात हुशार माणूस. तसं त्याचं स्वतःचं मत होतं, आणि बाकीचे ते खोडून काढायच्या भानगडीत पडत नसत. गावोगावच्या विहिरींत पाणी किती खोल आहे, त्याचे आकडे त्याच्याकडे येत. हुशारीच्या जोडीला त्याला संशयाची खोड होती. शिपायाने चहा आणला तरी हा आधी कपाकडे बघायचा आणि मग शिपायाकडे.

अंबादासनाना त्याच कार्यालयातून पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. बोरखडीत मठाच्या ओसरीला लागून त्यांची एक खोली होती. नानांचा आकडा कधी चुकला नाही, असं जुने लोक अजून सांगत. त्यांच्या वेळी कार्यालयात कॉम्प्युटर एकच होता आणि तो बहुतेक वेळ झाकलेला असे.

चमत्कारावर निशिकांतचा विश्वास नव्हता. म्हाताऱ्याकडे काहीतरी आहे, एखादं सूत्र, एखादी वही, आणि तो ते दाबून बसला आहे, असं त्याने कधीच ठरवून टाकलं होतं.

“नाना, अख्ख्या जिल्ह्यासाठी एकच सॉफ्टवेअर निवडायचंय. अकरा तपासली, तीन उरली. एक नकाशे झकास काढतं. दुसऱ्याची आकडेमोड पक्की. तिसरं फुकट आहे, पण शिकायला सहा महिने जातील. तुम्ही एकाचं नाव घ्या.”

“मी नाव घेतलं की तू घेशील?”

“नाही. पण का घेतलंत ते तपासीन.”

नाना हसले. “बरा आहेस.”

“आणि बोरखडीचंही बघायचंय.” निशिकांतने पिशवीतून दोन कागद काढले. “तुमच्या गावात पाणी मुरतंय कुठंतरी.”

“मुरू दे की. विहिरीलाच येईल.”

निशिकांत हसला नाही. “मागची सात वर्षं चैत्रात पाणी वीस फुटांच्या आगेमागे. या चैत्रात तेवीस. नेमके तीन फूट खाली. शेजारच्या चारही गावांत तसूभर फरक नाही. इतका गोल आकडा जमिनीतून येत नाही नाना, माणसाच्या डोक्यातून येतो.”

“कुणाच्या?”

“मोजणारी कौसाबाई. घरी बसून लिहीत असणार. सातवी शिकलेली बाई, महिन्याला मोजणी करायची, बघायला कोण येतंय?”

नानांनी पुढची चिंच घेतली.

“दोन कागद तयार आहेत,” निशिकांत म्हणाला. “पाणी खरंच उतरलं असेल तर या पहिल्या कागदावर सही. मग तांड्यावरची नवी विहीर रद्द. जिथं पाणी घटतंय तिथं नवी विहीर खोदता येत नाही, नियमच आहे. आणि उतरलं नसेल तर दुसऱ्यावर सही. बाई खोटारडी, तिचं काम बंद. आज दोन्हींतला एक कागद घेऊन जाणार.”

बोरखडीचा तांडा गावापासून दीड कोसावर. तिथल्या बायका याच विहिरीवरून डोक्यावर घागरी नेत. विहीर मिळावी म्हणून त्यांनी चार वर्षं अर्ज केले होते. हे निशिकांतला ठाऊक होतं. अर्ज त्याच्याच कपाटात होते.

“आणि तिसरं काही?” नानांनी विचारलं.

“तिसरं काय असणार?”

“मी आपलं विचारलं.”

“नाना, माझ्याकडचा डेटा आरशासारखा स्वच्छ आहे. टाइप होऊन आला की आधी मी तो धुऊन काढतो. शेऱ्याचा रकाना तर उडवूनच टाकतो. आकड्यांत शब्द आले की सॉफ्टवेअर अडतं. आणि लोक त्यात लिहितात तरी काय! ‘बैल आजारी.’ ‘सासू वारली.’ ‘आज जत्रा.’ पाण्याच्या तक्त्यात सासू कशाला?”

नानांचा ठोकळा चिंचेवर तसाच थांबला...

मग त्यांनी सूप बाजूला सारलं. “चहा टाकतो,” म्हणाले आणि आत गेले.

खुंटीवर नानांची झोळी होती. नाना घराबाहेर पडले की ती खांद्याला असायचीच, अशी तिची ख्याती. निशिकांतने दाराकडे पाहिलं. आत स्टोव्ह फरफरत होता. त्याने झोळी उघडली.

आत चामड्याच्या डबीत गुंडाळलेली जुनी पोलादी टेप होती. आणि पांढऱ्या खडूचा एक तुकडा.

बस्स.

त्याने झोळी उलटी करून झटकली. थोडी खडूची भुकटी पडली. आता तर त्याचा संशय दुप्पट झाला. इतकं थोडं कुणाजवळ असतं का?

“सापडलं?”

नाना दारात उभे होते, हातात दोन कप.

निशिकांतचे कान तापले. “मी... सहज बघत होतो.”

“बघावंच. पण नीट बघ. चहा घे, आणि ती झोळी घे खांद्याला. विहिरीवर जाऊ.”

वाटभर निशिकांत मनाशी घोकत होता, बाईला आधी कळता कामा नये. आधी आपण मोजायचं, मग तिची वही बघायची. नाही तर ती आकडा जुळवून घेईल.

कौसाबाई विहिरीवरच होती. पन्नाशीची, काटक, कमरेला पदर खोचलेला. तांड्यावरच्या दोघी घागरी भरत होत्या, त्यांना ती रहाटाला हात देत होती. साहेब बघताच तिने हात पुसले.

“आज मोजायचा दिवस न्हाई साहेब.”

“मला माहीत आहे. वही आण. उघडू नकोस.”

ती वही आणायला घराकडे वळली. निशिकांतने टेप काढली.

“नाना, तुमचीच पद्धत. खडू लावू?”

“लाव की.”

टेपेच्या शेवटच्या दोन फुटांवर त्याने खडू घासला. विहिरीला सिमेंटचा कठडा होता. त्यावर पोट टेकून तो वाकला आणि टेप आत सोडली. वर चोवीस फुटांची खूण कठड्याच्या काठाला धरली, क्षणभर थांबला, टेप वर ओढली. खालचा एक फूट खडू भिजला होता. चोवीसातून एक गेला.

तेवीस.

त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा तेवीस.

कौसाबाई वही घेऊन आली. त्याने ती हातातून जवळजवळ हिसकावलीच, या महिन्याचं पान काढलं आणि आकड्यावर बोट ठेवलं. तेवीस.

म्हणजे बाई खरी होती. त्याला जरा वाईट वाटलं, ते तिच्यासाठी नव्हे. आपला अंदाज चुकला म्हणून. पण लगेच तो सावरला, कारण दुसरी बाजू आता पक्की झाली होती.

“बघा नाना, पाणी खरंच उतरलंय.” त्याने वही मिटली, पहिला कागद कठड्यावर पसरला आणि पेनाचं टोपण काढलं. “तांड्याची विहीर जाणार. काय करणार? आकडा आकडा असतो.”

घागरी भरणाऱ्या दोघी थांबल्या. त्यांना सगळं कळलं नसेल, पण ‘तांडा’ आणि ‘जाणार’ एवढं ऐकू आलं होतं. एकीचा दोर हातातच राहिला.

“साहेब, असं कसं?” कौसाबाई म्हणाली.

“बाई, तुमचेच आकडे आहेत. मी एक अक्षर बदललेलं नाही.”

नाना पुढे आले. त्यांनी टेप घेतली. तिचं टोक कठड्याच्या वरच्या काठाला लावलं आणि टेप सोडत सोडत स्वतः खाली वाकले. गुडघे कुरकुरले. शेवटी ते धुळीत मांडी घालूनच बसले आणि टेप जमिनीला टेकवून अंगठ्याने दाबून धरली.



निशिकांतने खाली पाहिलं. नानांच्या अंगठ्याजवळचा आकडा त्याने वाचला.

तीन फूट.

मग त्याने कठडा पाहिला. त्याच कठड्यावर तो इतका वेळ पोट टेकून वाकला होता. सिमेंट अजून काळवंडलेलंही नव्हतं. खाली जुन्या दगडी काठाची कड तेवढी दिसत होती, शंभर वर्षांच्या दोरांनी घासून गुळगुळीत झालेली. पूर्वी टेप त्या काठाला धरत असणार.

पाणी होतं तिथंच होतं...

“कठडा कधी बांधला?” त्याने कौसाबाईला विचारलं.

“गेल्या साली. आखाडात शेळी पडली व्हती आत. मंग पंचायतीनं बांधून घेतला.”

“आणि हे तू कुणाला सांगितलं नाहीस?”

“लिवलंय की!” कौसाबाईला आता राग आला होता. तिने वही परत घेतली, मागची पानं उलटली, श्रावणाचं पान काढून त्याच्यापुढे धरलं. शेवटच्या रकान्यात, शेऱ्याच्या, बारीक अक्षरांत दाटीवाटीने लिहिलं होतं : ‘कठडा नवा. आता वरून मोजते. तीन फूट जास्त येतील. साहेबांनी ध्यानात घ्यावं.’

पुढच्या, भाद्रपदाच्या पानावर : ‘तीन फुटाचं ध्यानात आहे ना.’

आणि आश्विनात : ‘कठड्याचं मागे लिहिलं आहे.’

पुढे तिने शेरा लिहिणं सोडून दिलं होतं.

निशिकांत ती तीन वाक्यं वाचत राहिला. गेल्या वर्षभरात त्याने शिपायापासून नानांपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता. ज्या बोटाने त्याने तो रकाना उडवला, ते बोट मात्र आज पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याला लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात, तसं झालं.

“मला फोन तरी करायचा,” तो पुटपुटला.

“इचारलं का कुणी?”

त्याने पेनाला टोपण लावलं. दोन्ही कागद फाडले आणि तुकडे खिशात कोंबले.

“बाई, चूक माझी आहे.”

“असू द्या. तांड्याच्या हिरीचं काय ते सांगा.”

“पाणी उतरलेलं नाही, असं मी लिहून देतो. आजच देतो. विहीर अडणार नाही.”

कौसाबाईने तांड्यावरच्या दोघींकडे बघून मान हलवली. मघाशी थांबलेला दोर पुन्हा सुटला आणि खाली घागर पाण्यात बुडल्याचा आवाज आला.

नाना उठू लागले. निशिकांतने हात दिला. नानांनी धोतर झटकलं, उपरण्याने टेप पुसली आणि सावकाश डबीत गुंडाळली.

“नाना, तुम्हाला कठड्याचं ठाऊक होतं.”

“रोज आंघोळीचं पाणी इथूनच नेतो.”

“मग ओसरीवरच का नाही सांगितलंत?”

“तू तपासलं असतंस का? की मी कुणाचा मिंधा आहे ते शोधत बसला असतास?”

दोघे मठाच्या वाटेला लागले. चार पावलं गेल्यावर तो थांबला. शरमेने मान खाली होती, पण सॉफ्टवेअरची यादी डोक्यातून जात नव्हती. जित्याची खोड.

“नाना, आता तरी सांगा. त्या तिघांतलं कुठलं घेऊ?”

नानांनी वळून विहिरीकडे पाहिलं. कौसाबाई कठड्यावर वही ठेवून, पेन्सिल ओली करून शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहीत होती...

“ही ज्यात मावेल, ते घे.”