आठ मोजेपर्यंतचे कुलूप

एकदा एक शिष्या दोन कुलपे घेऊन आपल्या वस्तादांकडे गेली आणि यांतले कोणते निवडू, असे तिने विचारले. प्रश्न असा की बाजारातल्या कोणत्याही दुकानदाराने अर्ध्या मिनिटात तो निकालात काढला असता. वस्तादांचे उत्तर मात्र तिला पुरते कळायला दोनशे किलोमीटर जावे लागले, आणि तरीही थोडे उरलेच. अशी सावकाश कळलेली उत्तरे मनात पक्की बसतात, हा माझा अनुभव आहे. म्हणून ही हकिगत मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो.

वस्ताद म्हटल्यावर कुणी आखाड्याकडे धाव घेऊ नये. कृष्णाकाठच्या त्या गावात जो एखाद्या कामात मुरला तो वस्ताद, मग तो पेटी वाजवणारा असो की विटांची भट्टी लावणारा. हे वस्ताद सायकलीचे. तरुणपणी त्यांनी शर्यती मारल्या, पुढे चाळीस वर्षे तासाच्या बोलीने सायकली भाड्याने दिल्या, आणि आता ऐंशीच्या घरात पोचल्यावर दुकानाच्या पायरीवर बसून लोकांच्या वाकड्या चाकांचा आउट काढून ती सरळ करून देत. बोलणे मोजके. ज्याला सल्ला हवा असेल त्याच्या हाती ते आधी पाना देत आणि कामाला लावत.

शिष्या एकेचाळीस वर्षांची. टपाल कचेरीत नोकरी, घरी नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. वयाच्या सदतिसाव्या वर्षी तिने सायकल धरली आणि त्या सायकलीने तिला धरले. जिल्ह्यातल्या एका सायकल क्लबाचा नेम असा, की जो कुणी साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर एकट्याने पार करील त्याला एक साधे पदक मिळते. मागे गाडी नको, सोबत नको. सकाळी सहाला निघायचे, शंभराव्या किलोमीटरला कार्डावर शिक्का घ्यायचा आणि संध्याकाळी साडेसातच्या आत परत यायचे. त्या गावातल्या एकाही बाईने हे केलेले नव्हते, आणि हिने दोनदा प्रयत्न करून दोन्ही वेळा हात टेकले होते.

दोन्ही वेळा पायांनी दगा दिला नाही. दगा दिला तो कुलपाने. पहिल्या खेपेस वजन नको म्हणून तिने कुलूपच नेले नाही. परिणामी सायकल सोडून जायची तिची छाती होईना. चहा नाही, जेवण नाही, आणि उतरावे लागू नये म्हणून पाणीही नाही. एकशे चाळिसाव्या किलोमीटरला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाई टेंपोत बसून घरी आल्या. दुसऱ्या खेपेस तिने मोटारसायकलला लावतात ती कुलपाची साखळी नेली, दोन किलोंच्या वर वजनाची. आता सायकल नेण्याची कुणाची टाप नव्हती. पण प्रत्येक थांब्यावर आधी खांब शोधायचा, मग साखळी पुढच्या चाकातून, सांगाड्यातून आणि मागच्या चाकातून ओवायची, आणि निघताना तेच उलट करायचे. अशा सात थांब्यांनी तिचा पाऊण तास खाल्ला. ती सतरा मिनिटे उशिरा पोचली. क्लबातल्या मंडळींनी मोठ्या आपुलकीने सुचवले की पुढच्या वेळी घोळक्यातून यावे, बायकांना ते बरे पडते. असल्या आपुलकीचा मला मनापासून राग येतो, आणि तिलाही आला. तिने घरी सांगून टाकले की तिसऱ्यांदा जमले नाही तर सायकल विकून टाकीन. बोललेला शब्द फिरवणाऱ्यांतली ती नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

तर आता तिच्या एका हातात ती साखळी होती आणि दुसऱ्या हातात आकडे जुळवून उघडणारे बारीक तारेचे कुलूप होते. वजन एखाद्या लहान पेरूएवढे. वस्तादांनी ते हातावर तोलले, तार बोटाभोवती गुंडाळून पाहिली आणि दुकानासमोरच्या खांबाला अडकवली. मग खोक्यातून मोठी पक्कड काढली आणि तिला म्हणाले, "मोज."

ती मोजू लागली. वस्तादांनी पक्कड दाबली, आणि आठ आकडे झाले तेव्हा तार तुटून जमिनीवर पडली.

शिष्येने मनातल्या मनात साखळीच घ्यायचे ठरवले. इतक्यात वस्ताद आत गेले, फळीवरून अगदी तसलेच नवे कुलूप घेऊन आले आणि तिच्या तळहातावर ठेवून म्हणाले, "हे ने."

तिला वाटले, म्हाताऱ्यांचे काहीतरी चुकले. जे कुलूप ऐंशी वर्षांच्या माणसाने आठ आकड्यांत तोडून दाखवले, तेच हे मला देतात. तिने तसे विचारलेही, जरा फणकाऱ्यानेच. वस्तादांनी पक्कड पुसून खोक्यात ठेवली.

"आठ मोजलेस ना? तेवढंच लक्षात ठेव."

त्या दिवशी ते याहून अधिक बोलले नाहीत.

शिष्या चिडून घरी गेली खरी, पण होती हुशार. पोस्टातल्या माणसाला अंतराचा आणि वेळेचा हिशेब सांगावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी तिने सायकल अंगणात लावली, ओसरीवर बसली आणि आठ मोजता मोजता धावत पोचता येते का ते पाहिले. पोचली. मग आणखी मागे बसली. असे करत करत तिला कळले की बसल्या जागेवरून उठून आठ आकड्यांत तिला वीस पावले गाठता येतात. म्हणजे चहा प्यायचा तर वीस पावलांच्या आत, आणि तोंड सायकलीकडे करून. तेवढ्यात कुणी तार तोडायला बसलाच तर ती त्याच्या मानगुटीवर असेल. पुढे वस्तादांनी एवढी भर घातली की उतरताना गिअर सर्वांत जड करून ठेवावा आणि हेल्मेटचा पट्टा पुढच्या चाकात अडकवावा, म्हणजे घाईने पळवणारा पहिल्याच पायडलला अडखळेल. हे सगळे करायला तिला चहात साखर विरघळण्याइतकाही वेळ लागत नसे.

तिसऱ्या खेपेस ती निघाली तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि उसाच्या फडांवर धुके होते. सायकल हलकी वाटत होती, मन त्याहून हलके. पासष्टाव्या किलोमीटरला तिने मिसळ खाल्ली, टेबल निवडून, सतरा पावलांवर. शंभरावर शिक्का घेतला, दोन केळी खाल्ली, बाटल्या भरल्या. कुठे खांब शोधला नाही की कुठे घाबरी झाली नाही. आपण हे कुणाच्याही मदतीशिवाय करतो आहोत, कुणाला एक शब्द विचारावा लागत नाही, या विचाराने तिची मान ताठ झाली होती. आणि का होऊ नये? ज्यांनी एकट्याने काही केले आहे त्यांना ती ताठ मान ओळखता येते.

एकशे पन्नासाव्या किलोमीटरला, दुपारी पावणेचारच्या सुमारास, तिची गाठ अशा प्रश्नाशी पडली जो आठ आकड्यांत बसत नव्हता. ती भरपूर पाणी प्यायली होती आणि आता तिला स्वच्छतागृहात जायचे होते. पुरुष सायकलस्वारांना या प्रश्नाचे गांभीर्य कळत नाही, कारण त्यांना सगळा रस्ताच मोकळा असतो. पेट्रोल पंप समोर होता. पण बायकांचे स्वच्छतागृह पंपाच्या मागे, भिंतीला वळसा घालून, शंभरावर पावले लांब. दार अरुंद, आत पाणीच पाणी, सायकल आत नेणे अशक्य.

ती तशीच उभी राहिली. पुढचे पन्नास किलोमीटर कळ सोसून जावे, असाही विचार तिने केला, आणि पहिल्या खेपेचा टेंपो आठवून तो सोडून दिला. उरला एकच मार्ग, कुणाला तरी विचारायचा. तोच तिला नको होता. विचारले की आपले एकटेपण बाटले, असे तिला वाटत होते. शिवाय विचारायचे कुणाला? पंपावरची पोरे मोबाईलमध्ये डोके घालून बसलेली. दोन ट्रक उभे, ड्रायव्हर झोपलेले. कडेला एक बाई पोत्यावर बसून लोखंडी कढईत शेंगा भाजत होती. शिष्येने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. कढईत एकही शेंग करपलेली नव्हती. मग सायकल तिच्याजवळ नेली, तारेने कुलूप घातले आणि म्हणाली, "मावशी, मी आत जाऊन येते. जरा बघाल का?"

बाईने त्या तारेकडे पाहिले आणि तिला हसू आवरेना.

"ह्ये कुलूप हाय व्हय? आमच्या शेरडाची दोरी ह्याच्यापरास जाड हाय. जा तू, मी हाय हितं."

शिष्या गेली. शंभर पावले ती न धावता गेली, हे तिला नंतर आठवले. परत आली तर बाईने आपले पोते सरकवून सायकलीच्या चाकाला पाठ लावली होती आणि तशीच बसून एका हाताने शेंगा हलवत होती. पंपावरचा एक पोरगा सायकलीची घंटी वाजवून पाहायला आला होता, त्याला तिने झाऱ्याच्या दांड्याने लांब केले होते. पाव्हण्या बाईची हाय, हात लावायचा नाही, एवढेच ती त्याला सांगत होती. मग तिने शिष्येला विचारले, कुठून आलीस, कुठे निघालीस. शंभर गेले आणि पन्नास आले, आणखी पन्नास उरलेत, साडेसातच्या आत पोचायचेय, हे ऐकून बाईने कढई खाली उतरवली. एकटीच? एकटीच. तिने मूठभर गरम शेंगा शिष्येच्या खिशात कोंबल्या आणि आता कुठे थांबू नकोस असे दटावले.

शिष्या थांबली नाही. सात वाजून आठ मिनिटांनी ती पोचली, हातात बावीस मिनिटे राखून. क्लबातल्या आपुलकीवाल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, मुलीने मिठी मारली, सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिला आनंदाने रडू आले आणि ते तिने लपवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पदक घेऊन वस्तादांकडे गेली. त्यांनी ते हातात घेतले, उलटून पाहिले आणि मला फार अभिमान वाटतो, असे अगदी सरळ शब्दांत सांगितले. गावातल्या कुणालाही त्यांनी असे आजवर सांगितलेले नव्हते. शिष्येला मात्र एक सल होती. ती म्हणाली की मी पूर्ण एकटीने केले असे म्हणता येणार नाही. कुलूप एका ठिकाणी अपुरे पडले आणि शेंगा भाजणाऱ्या एका बाईला, तिची एकही शेंग करपलेली नाही एवढे पाहून, मला विचारावे लागले. साखळी नेली असती तर ती वेळ आली नसती.

वस्तादांनी पदक तिच्या हातात परत ठेवले. मग म्हणाले,

"साखळी तू चोरासाठी नेली नव्हतीस, पोरी. कुणाला काही विचारावं लागू नये, म्हणून नेली होतीस. ते वजन फार होतं. मी चाळीस वर्षं सायकली दिल्या, एकही गेली नाही. काय कुलपं होती माझी? टाचणीनं उघडायची. पण गिऱ्हाईक जिथं सायकल लावायचं, तिथल्या पानवाल्याला, शिंप्याला सांगून जायचं. बारीक कुलूप आठ मोजेपर्यंत पुरतं. तेवढ्यात तू पोचणार असशील तर तुझी तू. त्याच्या पलीकडं जायचं असेल तर माणूस पारखावं लागतं, आणि ते पारखणं पायडल मारण्याइतकंच शिकावं लागतं. तू शेंगा करपल्यात का ते बघितलंस आणि मग विचारलंस. ते तुला कुणी शिकवलं? दोनशे किलोमीटर तुझ्याच पायांनी गेलीस. त्यात कुणाचा वाटा नाही."

शिष्येच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. ती उठली, तेव्हा वस्तादांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "त्या बाईला कळलं का, तू वेळेत पोचलीस ते?"

नव्हते कळले. कळणार तरी कसे? शिष्येने तिचे नावही विचारले नव्हते.

पुढच्या रविवारी ती पहाटे निघाली. घड्याळ तिने घरीच ठेवले होते. पन्नास किलोमीटरवर पंप आला. बाई तशीच कढईपाशी, भोवती चार गिऱ्हाइके. शिष्येने सायकल उभी केली आणि काही बोलायच्या आधीच बाईने झारा खाली ठेवला.

"पोचलीस?"

"पोचले, मावशी. बावीस मिनिटं शिल्लक होती."

बाईने पदराने तोंड पुसले आणि चारही गिऱ्हाइकांकडे मोठ्या दिमाखाने वळून म्हणाली, "म्या सांगत हुते न्हवं? पोचलो बगा आमी दोगी. एका दिसात दोनशे किलोमीटर."

शिष्येने तिची चूक दुरुस्त केली नाही. ती पोत्याच्या कडेला बसली आणि बाईचे नाव विचारले. सायकलीला कुलूप घालायचे राहून गेले होते, ते निघताना तिच्या लक्षात आले.