ठेकेदाराचे कोरे बूट

कराडच्या यमुताई बाबर नव्या घराची बाथरूम बघायला गेल्या, तर फरशीचा उतार दाराकडे! म्हणजे आंघोळीचं पाणी थेट झोपायच्या खोलीत येणार. ठेकेदार साळुंखे मिशीला पीळ देत म्हणाले, "उतार पाणी जायच्या जाळीकडेच आहे, ताई. अर्धं कराड मी बांधलंय. फरशी उखडणार नाही!"

"तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं म्हणत ताईंनी साळुंख्यांनी बाहेर काढून ठेवलेले कोरे चामडी बूट आणून बाथरूमच्या दाराशी मांडले आणि आतली भरलेली बादली कलती केली.

साळुंख्यांनी झेप घेऊन बूट उचलले.

"राहू द्या की," ताई म्हणाल्या, "पाणी तर जाळीकडेच जाणार ना?"

साळुंखे फरशी उखडायची पहार आणायला गेले. ताईंच्या बादलीतला थेंबही सांडला नव्हता.