शेवंतीची खिरापत

गोष्ट फार जुनी आहे. राज्य कुणाचे होते हेही लोक विसरून गेले, इतकी जुनी. एक तरुण वैद्यीण दूरदेशी विद्या शिकून आपल्या गावी परतली. तिला वाटले होते, गावात औषध नसेल. आपण ते नेले की दुखणे सरेल. येऊन पाहते तो औषध होते. मडक्यात तसेच पडून होते.

ते मडके शेवंतीचे. शेवंती ऐन उमलत्या वयाची, आईविना मामीकडे वाढलेली. आईच्या पोटातच तिच्या रक्तात एक आजार उतरला होता. रोज सकाळी एक मात्रा घेतली की तो निजून राही; मग तिला इतरांसारखे खेळता, वाढता, म्हातारे होता आले असते. मात्रा चुकत गेल्या, तर तो तिला आतून पोखरणार होता. हा आजार स्पर्शाने, पाण्याने, एका ताटातल्या घासाने कुणाला होत नसे. तरी गावाने तिचा पेला वेगळा ठेवला होता.

"मात्रा कडू लागते का गं?" वैद्यिणीने विचारले.

"नाही ताई."

"मग विसरतेस?"

"नाही." शेवंती अंगठ्याने जमीन उकरू लागली. "बरी राहून जाऊ कुणात?"

मग ती आत गेली आणि गुळपाणी घेऊन आली.

"राहू दे गं, घाईत आहे," असे म्हणून वैद्यीण तडक पारावर गेली. साऱ्या गावाला तिने कळकळीने समजावले. माना डोलल्या. पाटलीणबाई म्हणाल्या, "पटलं गं बाई! संध्याकाळी भोंडल्याला शेवंतीलाही आण. आज खिरापत तिचीच."

भोंडल्यात मुली फेर धरून गाणी म्हणत आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखत. त्या गावची रीत अशी, की खिरापत ओळखली तरच डबा उघडायचा.

शेवंतीने दुपारभर तुपात बेसन भाजले होते. खमंग वास झाकणात मावत नव्हता.

"भोपळा!" एक मुलगी ओरडली.

"ताक!"

"चुन्याची डबी!" सगळ्या खिदळल्या.

पाटलांची धाकटी म्हणाली, "अगं, हे तर ला…" तोच थोरलीने तिचे तोंड दाबले.

"हरलो बाई आम्ही!" थोरली म्हणाली. डबा न उघडताच परत निघाला.

वाटेत शेवंती म्हणाली, "तुम्ही छान बोललात, ताई. सगळ्यांना पटलंसुद्धा." मग हळूच, "पण गुळपाणी तुम्हीही घेतलं नाहीत. उन्हातून आला होतात."

वैद्यिणीला तो पुढे केलेला पेला आठवला. घाई नव्हतीच. तहान मात्र होती. विद्येने तिच्या डोक्यातली भीती काढली होती, हातातली राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पारावर गेली नाही. शेवंतीच्या ओट्यावर जाऊन बसली. पाणवठ्याची वाट समोरूनच जात होती. घागरी घेतलेल्या बायका थबकल्या.

"कालचा माझा डाव राहिलाय," वैद्यीण मोठ्याने म्हणाली. "बेसनाचे लाडू!"

शेवंती आतून डबा घेऊन आली. मग तिने झाकण काढले. वैद्यिणीने लाडू फोडला, अर्धा तिला दिला, अर्धा स्वतः खाल्ला, आणि तिच्याच पेल्यातले पाणी घटाघटा प्यायली.

घागरींमागून पाटलांची धाकटी थोरलीचा हात सोडवून धावत आली. "मी कालच ओळखलं होतं! हिनंच बोलू दिलं नाही!" तिचा हात थेट डब्यात गेला. बायकांतच उभ्या असलेल्या पाटलीणबाईंनी तिला हाक मारायला तोंड उघडले, आणि मिटले.

हातातला लाडू संपला, तेव्हा शेवंतीने कुणी न सांगता मडके उतरवले आणि मात्रा घेतली.

तिथेच वैद्यिणीने ठरवले: यापुढे ज्या घरी औषध द्यायचे, त्या घरी आधी पाणी मागायचे.

औषध माणसाला जगवते खरे. पण जगावेसे वाटते ते सोबत घास घेणाऱ्यामुळे.