राईतली लाल रेघ

राईच्या तोंडाशी हा ऐनाचा ओंडका पडलाय, त्याच्यावर बसू नका. बसलात ते आधी उठा. मधोमध लाल रेघ दिसते ना, ती कावेची, तांबड्या मातीची. किती पावसाळे गेले, धुतली नाही. शेंड्याकडून वीतभर करवत चाललेली आहे, पुढे नाही. त्याचं कारण ऐका, मग भाव विचारा.

सुताराला जुना शब्द सूत्रधार, असं चौथीत आमचे गुरुजी सांगायचे. सूत धरणारा. कापायला काय, कुणीही कापेल. कुठून कापायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे सुतावर ठरतं. कावेत भिजवलेलं सूत लाकडावर ताणायचं, मधे उचलून सोडायचं, की रेघ उठते. एक टोक सुताराच्या हातात. दुसरं आमच्या घरात त्याच्या बायकोच्याच हातात.

असं सांगतात, की फार मागे आमच्या घरात धाकू सुतार होऊन गेला. खोताला नव्या घरासाठी तुळई हवी होती, तीही राईतलीच. राई देवाची, तिच्यातली काडीसुद्धा कुणी घरी नेत नाही. पण खोतापुढे धाकूची मान हलली आणि हाच ऐन पडला. सूत मारायला त्याने बायकोला, गोमीला, नेलं. तिने टोक धरलं मात्र, सुताला ओढ लागली म्हणे. धाकूने तर अजून ताण दिलाच नव्हता.

"अवो, हे आतून ओढतंय. सोडते मी."

"धर गं भित्रे! खोताला शब्द दिलाय."

"तुम्ही दिलात. मी नाही." सूत टाकून ती चालती झाली.

धाकूने ते टोक खिळ्याला बांधलं आणि सूत मारलं. ओंडक्यावर रेघ उठली. धाकूच्या अंगावरही उठली, कपाळापासून बेंबीपर्यंत, सरळ. ओढ्यावर दगडाने घासली तरी गेली नाही. त्याने अंथरूण धरलं. खोत कसला थांबतो! त्याने परगावचे दोघे आणून करवत लावली. तिकडे करवत फिरली आणि इकडे धाकू ओरडला. कपाळ चिरत भुवयांपर्यंत आलं होतं. गोमी धावत राईत गेली आणि ओंडक्यावर आडवी पडली.

"आधी मला कापा!"

करवत थांबली ती थांबलीच. तिथेच गोमीने राईला शब्द दिला, या घरात दुसरं टोक बाईच धरील, आणि तिने सोडलं की लाकूड सोडायचं. धाकू जगला, कपाळावर वण घेऊन.

आजही तसंच चालतं. मी दोनदा सोडलंय. आमच्या ह्यांनी का म्हणून विचारलं नाही.

धाकू गेला, रेघ राहिली. आता ती कुणाची, ते कुणाला ठाऊक? परवा तुमच्या हॉटेलाचा माणूस टेबल निघेल का बघायला आला आणि त्या खाचेत करवत ओढून गेला. त्याच दुपारी हे जेवता जेवता कपाळ चोळत होते. घामोळं आहे म्हणाले.

मी जवळून बघितलं. घामोळं सरळ रेघेत येतं का हो?