खालची तळी

फार वर्षांपूर्वी, पिठाच्या गिरणीचं नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा, माणदेशात आमच्या पाचखडी गावाला धुरपा पाथरवटीण यायची. काटकुळी बाई. खांद्याला पिशवी, पिशवीत हातोडी आणि चार-सहा टाक्या. टाकी म्हणजे दगडाला खाचा पाडायची लोखंडी छिन्नी. जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं की दाणा भरडत नाही, नुसता घसरतो. मग धुरपा यायची, टक टक करून दगड पुन्हा खरबरीत करायची, ओंजळभर ज्वारी पदरात घ्यायची आणि पुढच्या दाराला जायची.

तिचे कान फार तिखट होते. असं म्हणतात, ओढ्यापलीकडच्या माळावर उभी राहून ती गावातल्या जात्यांची घरघर ऐकायची आणि सांगायची, या घरची सून काल रडली, त्या घरच्या लेकीला दिवस गेलेत, पलीकडची म्हातारी आता पंधरा दिवसांची सोबती. खरं किती, खोटं किती, ते बघायला मी नव्हतो. पण बायका तिच्याशी खोटं बोलत नसत.

त्या वेळी गावात अनसा नावाची सून होती. नवरा शिदू, सासू कोंडाबाई. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. आणि पोरीचं पोट दुखायचं. थोडंथोडकं नाही. आत कुणी ओला पिळा पिळतंय असं. कंबरेतनं कळ निघायची ती मांडीत उतरायची. परसाकडं बसलं तरी दुखायचं. नवऱ्याजवळ गेलं तरी दुखायचं, आणि हे ती कुणाला सांगणार? मी सांगतो, कारण सांगायला पाहिजे. लाजून लाजूनच तर हे सगळं झालं.

गावची रीत अशी, की बाई चार दिवस बाजूला बसणार, पाचव्या दिवशी न्हाऊन जात्यावर. अनसाचं दुखणं काही चार दिवस मोजून येत नव्हतं. ते आठवडा आधी यायचं आणि आठवडा मागं राहायचं. पण गावाला शिवाशिव तेवढी कळायची. पाचव्या दिवशी कण्हली तर ते नाटक.

कोंडाबाई पीठ चिमटीत धरून म्हणायची, "हे पीठ हाय का कोंबड्यांच्या कण्या? आमाला काय पोटं नव्हती व्हय? समद्याच बायकांना दुखतं. हिचंच तेवढं सोन्याचं पोट!"

देवऋषी झाला, अंगारे झाले, निंबाच्या फोकाचा मार झाला. शेवटी ठरलं, काडीमोड. कामचुकार आणि वांझ, असे दोन ठपके. माहेरी अनसाचा एक भाऊ होता. त्याच्या बायकोनं आधीच निरोप धाडला होता, "यायचं तर या, पर गठुडं सोडायचं न्हाय." म्हणजे पोरीला इथंही जागा नाही, तिथंही नाही. मधे फक्त माळ.

सोमवारी सकाळी पारावर पंच बसले. आणि इकडं कोंडाबाईनं धुरपाला घरात बोलावलं. कशाला? तर नवी सून बघून ठेवली होती, तिला जातं नीट पाहिजे.

धुरपानं वरची तळी, म्हणजे जात्याचा फिरणारा दगड, उचलून भिंतीला लावली. खालच्या तळीवरून हात फिरवला आणि हात थांबला.

"कोंडाबाय, ह्या जात्यावर कोण बसतं?"

"बसत व्हती. आज जातीया."

धुरपानं टाकी पिशवीत टाकली. ती खालची तळी उपसली, डोक्यावर घेतली आणि पाराच्या वाटेला लागली. दोन गड्यांना जड जाणारा दगड. असं म्हणतात, तो त्या दिवशी तिला सुपासारखा हलका झाला. कोंडाबाई मागनं ओरडत, "अगं माझं जातं! अगं ए भवाने!"

पारावर पाटील बोलत होता. खाली अनसा गुडघ्यांत डोकं घालून बसली होती, शेजारी गठुडं. शिदू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा. धुरपानं दगड सगळ्यांच्या मधोमध आदळला.

पाटील म्हणाला, "धुरपे, हितं माणसाचा न्याय चाललाय, दगडाचा न्हाय."

"दगडाचाच करा पाटील. माणसाचा तुमाला जमंना."

कुणीतरी हसलं. पाटलानं डोळे वटारले. धुरपा खाली बसली आणि तळीवर बोट ठेवून बोलू लागली.

"वरची तळी फिरती, ती चहूकडनं सारखी झिजती. तिला इचारून काय कळायचं न्हाय. खालची जागची हलत न्हाय. बसणारीचा भार कुटं पडला, ते समदं हिच्यावर उमटतं. हा खळगा बगा. ही पोर सरळ बसून कदी दळलीच न्हाय. डावा गुडगा पोटात दाबून, एका अंगावर कलून दळलीय. आज न्हाय, काल न्हाय, पाच वर्सं. आणि पाटील, आळशी बाईचा दगड झिजत नसतो."

मग कोंडाबाई पुढं आली. "आगं पर दुखत तर समद्यांनाच असतं!"

"बरं," धुरपा म्हणाली. "मग आणा समद्यांच्या तळ्या."

त्या सकाळी पाचखडीनं कधी केलं नव्हतं ते केलं. चाळीस घरं, घरटी एक जातं. बाप्ये खालच्या तळ्या डोक्यावर घेऊन धापा टाकत पारावर आले. त्या दगडाचं वजन किती असतं ते बऱ्याच जणांना त्या दिवशीच कळलं. एक जण म्हणाला, "ह्यावर रोज पायली दळतीस व्हय गं?" बायको म्हणाली, "न्हाय, मांजर दळतंय."

धुरपा ओळीनं हात फिरवत गेली. ही सपाट. ही सपाट. ही पण. चाळिसांत छत्तीस सपाट निघाल्या. चार तळ्यांना खळगा होता, डावीकडं कललेला, एका साच्यातनं काढल्यासारखा.

"समद्यांनाच दुखत असतं," धुरपा म्हणाली, "तर समद्याच अशा झिजल्या असत्या."

चारांतली एक अनसाची. एक लोहाराच्या विधवेची. एक एका कोवळ्या पोरीची, तिचं नाव गावानं जपून झाकून ठेवलं. आणि चौथी तळी पाटलाच्या वाड्यावरची.

पाटलाची आई, बयाक्का, ऐंशीची, काठी टेकत गर्दीतनं पुढं आली. कुणी हात दिला तो तिनं घेतला नाही. वाकली आणि आपल्या दगडाच्या खळग्यात तळवा ठेवला. तो बरोबर बसला. म्हातारी लेकाकडं बघून म्हणाली, "बाबा, तू व्हायच्या आदी धा वर्सं, आन मागनं वीस. तुजा बाप मला ढोंगी म्हणायचा. मला वाटायचं, समद्यांनाच असतंय, आपुनच हलक्या काळजाची."

पाटलानं डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. काडीमोडाचं पुढं कुणी बोललंच नाही.

अनसानं वर बघितलं. "मावशी, मी बरी हुईन?"

"मला दगड कळतो गं. पोटातलं काडायची इद्या न्हाय माज्याकडं," धुरपा म्हणाली. "पर तुला दुखतंय ते खरं हाय. एवडं मी समद्या गावाम्होरं टाकीनं लिवून देते." आणि तिथंच बसून तिनं त्या चारही तळ्यांच्या कडेला एक एक अर्धा चंद्र कोरला. मग पिशवीच्या तळातनं मुठीएवढा काळा गोटा काढला. "हा चुलीत तापव, फडक्यात गुंडाळ, पोटाशी धर. तेवड्यापुरतं निवतं." तो गोटा एका बाजूनं झिजून आरशासारखा झाला होता. किती वर्षं कुणी पोटाशी धरला असेल, ते कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

काही जण सांगतात, पुढच्या सालीच अनसाला मुलगा झाला. थापा आहेत. झाला नाही. दुखायचंही थांबलं नाही. झालं एवढंच, की दुखायच्या दिवसांत शिदू स्वतः जात्यावर बसायला लागला. गाव खिदळलं. त्याच्या पिठाची भाकरी तव्यावर टाकली की तीन तुकडे. कोंडाबाईनं पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, दुसऱ्या दिवशीही केलं, आणि तिसऱ्या दिवशी गोटा तापवून सुनेच्या हातात दिला. अनसा तो पोटाशी धरून भिंतीला टेकून बसली आणि तुकड्यांची भाकरी पोटभर जेवली. ती सत्तर वर्षं जगली, याच गावात.

धुरपा वारली त्या अमावास्येला, असं म्हणतात, गावातल्या चाळीसही जात्यांचे खुंटे आपोआप निसटून पडले आणि दिवसभर कुणाच्या घरात दळण झालं नाही. तेव्हापासून पौषातल्या अमावास्येला पाचखडीत बाई जात्याला हात लावत नाही. बाप्ये दळतात. आता गिरणी आहे तरी दळतात, वाईट दळतात, आणि त्या दिवशीच्या भाकरीला कुणी नाव ठेवत नाही.

त्या चार तळ्या आता पाराच्या बांधकामात बसवल्यात. खळग्यांत पाणी साठतं, चिमण्या पितात. गावात जो कुणी "सगळ्यांनाच दुखतं" म्हणेल, त्याला घरची बाई तिथं नेते आणि खळग्यात हात घालायला लावते. मीही एकदा म्हणालो होतो. एकदाच. दगड फार गार लागतो.

आता तालुक्याला डॉक्टरीण आहे. या रोगाला लांबलचक नाव आहे, ते माझ्या जिभेवर बसत नाही. गर्भपिशवीच्या आतलं अस्तर असतं, तसलंच काहीतरी बाहेर नको त्या जागी उगवतं आणि दर महिन्याला तिथंही रडतं, असं ती सांगते. औषध आहे, कधी कापावंही लागतं. पाचखडीच्या पोरी तिच्याकडं लवकर पोचतात, बाकीच्या गावांच्या दहा-दहा वर्षं उशिरा येतात, असंही ती म्हणते.

लवकर पोचतात, कारण आमच्याकडं नवी सून उंबरा ओलांडून आली की सासू लगेच तिची ओटी भरत नाही. आधी फडक्यात गुंडाळलेला कोमट गोटा हातात देते आणि विचारते, "तुला दुखतं का गं?"

आणि पोर जे सांगेल, ते खरं धरतात.