नेच्याची नात

एक होती राणी, आणि तिचं माहेर होतं सात डोंगरांपलीकडे. लग्नात आईनं तिला काय दिलं असेल? सोनं नाही, मोती नाही. कुंडीतला एक नेचा! हिरवीगार झालर नुसती. उमे, पाय गोधडीत घे बघू.

पुढं आई वारली. माहेरचं म्हणून तेवढा नेचाच उरला. आणि तोही सुकायला लागला, बरं का. राणीनं अन्न टाकलं. म्हणाली, "हा गेला की माझं माहेर संपलं."

मग राजानं माळ्यांना बोलावलं. म्हणाला, "याचं बी पेरा." पण बी आणणार कुठून? नेच्याला ना फूल, ना फळ! तेवढ्यात म्हातारी ठकू माळीण आली. तिनं एक पान उलटं केलं. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके, अगदी ओळीनं.

माळी म्हणाले, "ती कीड आहे. आम्ही दर वर्षी पुसून काढतो."

ठकूनं कपाळावर हात मारला. "अरे मेल्यांनो, त्यातच याची पोरं आहेत!"

मग तिनं ठिपक्यांची भुकटी ओल्या मातीवर टाकली. दोन महिन्यांनी काय उगवलं? नखाएवढ्या हिरव्या टिकल्या, पत्त्यांतल्या बदामासारख्या. माळ्यांना वाटलं शेवाळ. टाकलं खरवडून! ठकूनं पुन्हा भुकटी टाकली. पुन्हा टिकल्या आल्या, पण पाणी कमी पडलं आणि वाळून गेल्या. आता नेच्याला पान उरलं एकच.

तिसऱ्यांदा राणी स्वतः राखणीला बसली. टिकल्या आल्या तशी रडायला लागली. "ठकूबाई, ही माझ्या नेच्याची नव्हेत. तोंडवळाच नाही त्याचा."

"लेक दिसते वेगळी, राणीसाहेब. तुम्ही फक्त पाणी शिंपडा."

राणी रोज शिंपडायची. मग एके सकाळी, बरं का, टिकलीच्या पोटाखाली थेंबभर पाणी साचलं आणि त्या थेंबात टिकलीतल्याच इवल्याशा नवरा-नवरीचं लग्न लागलं! वाजंत्री नाही, अक्षता नाही. कुणाला दिसलंसुद्धा नाही. थोड्या दिवसांनी टिकलीतून एक हिरवी गुंडाळी वर आली, बाळाच्या मुठीएवढीही नाही. हळूहळू उलगडली. बघते तर काय, तीच झालर! लेक ओळखू आली नव्हती, आणि नात हुबेहूब आजी!

राणी बघतच राहिली. ठकू म्हणाली, "हे आजचं नाही हो. माणूस नव्हता, पाखरू नव्हतं, जगात एकही फूल उमललं नव्हतं, तेव्हापासून थेंबाथेंबात ही लग्नं लागतायत."

त्याच आठवड्यात जुना नेचा वाळला. राणी रडली. मग नव्या पानावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाढा गं मला." पोटभर जेवली. पुढं तिच्या अंगणात नेचेच नेचे झाले, आणि राणीचं माहेर काही संपलं नाही.

हसतेस काय उमे? पुढच्या दातांत फट बघ. तुझ्या आईला आहे का? नाही. मग कुणाची आली? हं, माझी!

चला, आता त्या पानासारखं गुंडाळून झोपा. सकाळी उलगडा.